ऐतिहासिक लढाऊ विमानाची पहिली प्रतिकृती: खोके उघडण्यापासून शेवटची टेप सोलेपर्यंत

दुसऱ्या महायुद्धातील एखाद्या लढाऊ विमानाचे किट तुम्ही आणले असेल, तर खोक्यात तुम्हाला चौकटींना (त्यांना स्प्रू म्हणतात) चिकटलेले सुटे भाग, पाण्यात भिजवून लावायच्या डिकॅलचा, म्हणजे चिन्हांच्या चिकटचित्रांचा, एक कागद आणि घडी घातलेली सूचनापत्रिका मिळेल. कोणता भाग कुठे बसतो, ते सूचनापत्रिका नीट सांगते. कुठे थांबायचे, कशाच्या आधी काय रंगवायचे आणि कोणती चूक पुढे दुरुस्तच होत नाही, याबद्दल मात्र ती गप्प असते. माझी पहिली चार विमाने याच गप्प जागांवर बिघडली. त्या जागा क्रमाने दाखवाव्यात, म्हणून हे लिहीत आहे.

१. विमानाबरोबर तारीखही ठरवा

‘स्पिटफायर करायचे आहे’ एवढे ठरवून भागत नाही. ५ मार्च १९३६ रोजी पहिले उड्डाण केलेले हे ब्रिटिश लढाऊ विमान युद्ध संपेपर्यंत सतत बदलत राहिले. सुरुवातीच्या ‘मार्क १’ला दोन पात्यांचा लाकडी प्रोपेलर होता, नंतर तीन पात्यांचा आला आणि ‘मार्क ९’ला चार पाती होती. ‘मार्क ५’च्या एका पंखाखाली मोठा रेडिएटर आणि दुसऱ्याखाली लहानसा ऑइल कूलर दिसतो, ‘मार्क ९’मध्ये दोन्ही पंखांखाली सारख्याच आकाराच्या पेट्या आहेत. रंगांचेही तसेच आहे. मे १९४० मध्ये ब्रिटिश लढाऊ विमानांचे पोट अर्धे काळे आणि अर्धे पांढरे असे. जूनपासून ते ‘स्काय’ या फिकट हिरवट रंगाचे झाले. आणि ऑगस्ट १९४१ पासून वरच्या बाजूच्या तपकिरी पट्ट्यांची जागा करड्या रंगाने घेतली.

म्हणून एक विशिष्ट विमान निवडावे: त्याच्या शेपटाजवळचा क्रमांक, धडावरची अक्षरे आणि शक्यतो ज्या महिन्यातला फोटो उपलब्ध आहे तो महिना. हे एकदा ठरले की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. प्रोपेलर कोणता, पोटाचा रंग कोणता, विमान किती मळलेले दाखवायचे, हे सारे त्या एका फोटोवरून ठरवता येते.

जोडणी सुरू करण्यापूर्वी पुढील कागद जमवून ठेवा:

- निवडलेल्या विमानाचा, किंवा निदान त्याच तुकडीतील त्याच काळातल्या विमानाचा, युद्धकालीन फोटो
- समोरून, बाजूने आणि वरून काढलेले, तुमच्या किटच्या प्रमाणातले आराखडे
- रंगसंगतीचा तक्ता, शक्य असल्यास रंगांच्या अधिकृत क्रमांकांसह (जर्मन विमानांसाठी आरएलएम, अमेरिकन रंगांसाठी एफएस क्रमांक वापरतात)
- कॉकपिट, चाकांच्या खोबणी आणि चाकांचे पाय यांचे जवळून घेतलेले फोटो

शेवटच्या कामासाठी संग्रहालयातील विमाने उत्तम. हेंडनचे आरएएफ म्युझियम, डक्सफर्डचे इम्पिरियल वॉर म्युझियम किंवा वॉशिंग्टनचे नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियम येथील विमानांचे असंख्य फोटो पाहायला मिळतात आणि त्यांतून नळ्या, तारा, रिबिटांच्या ओळी नेमक्या कळतात. रंगांच्या बाबतीत मात्र त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नये. ही विमाने अनेकदा पुन्हा रंगवलेली असतात आणि अजून उडणाऱ्या विमानांत तर आधुनिक रेडिओही बसवलेले असतात.

जुने कृष्णधवल फोटोही फसवतात. त्या काळी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म बरीच वापरली जाई आणि तिला लाल प्रकाश जवळजवळ दिसत नसे. अशा फोटोत ब्रिटिश विमानांवरच्या वर्तुळाकार चिन्हाचे बाहेरचे पिवळे कडे काळपट दिसते, तांबडा ठिपका काळा पडतो आणि निळा रंग मात्र फिकट उमटतो. ‘या विमानाला पिवळे कडे नव्हतेच’ असे मी एकदा छातीठोकपणे ठरवून टाकले होते, ते अशाच एका फोटोवरून.

२. प्रमाण निवडा

१/७२ आणि १/४८ ही विमानांची दोन रूढ प्रमाणे आहेत. ११.२३ मीटर पंखविस्ताराचे स्पिटफायर १/७२ मध्ये सुमारे १५६ मिलिमीटरचे आणि १/४८ मध्ये सुमारे २३४ मिलिमीटरचे होते. तेच प्रमाण बी-१७ या चार इंजिनांच्या बॉम्बरला लावले, तर १/७२ मध्येसुद्धा पंख ४३९ मिलिमीटर भरतात, म्हणजे ते ठेवायला अख्खा कप्पा लागतो. पहिल्यांदा करणाऱ्याने एक इंजिनाचे, एकच पंख असलेले विमान १/४८ मध्ये करावे, असे माझे मत आहे. या प्रमाणात कॉकपिट रंगवताना डोळे आणि बोटे दोन्ही पुरे पडतात. पहिल्या महायुद्धातली द्विपंखी विमाने फार मोहात पाडतात, पण त्यांच्या पंखांमधल्या तारांचे काम तिसऱ्या-चौथ्या प्रतिकृतीसाठी राखून ठेवा.

किट जुन्या साच्यातले आहे की नव्या, हेही पाहा. पॅनेल लाइन (विमानाच्या पत्र्यांमधल्या सांध्यांच्या रेषा) पृष्ठभागावर उंचवटलेल्या असतील तर साचा बहुधा जुना आहे. सांधा घासताना त्या रेषा पुसल्या जातात आणि पुन्हा उभ्या करणे कठीण असते. नव्या साच्यांत त्या कोरलेल्या असतात. खोके मात्र नवे आणि साचा जुना, असे पुष्कळदा घडते, त्यामुळे साच्याचे वर्ष आधी शोधून घ्यावे.

३. साहित्य

सगळे एकदम घेण्याची गरज नाही. पहिल्या विमानाला एवढे पुरते.

- स्प्रूवरून भाग कापण्यासाठी एका बाजूने सपाट असलेले निपर
- धारदार हस्तकला सुरी आणि तिची जादा पाती
- बारीक टोकाचा चिमटा
- वॉटर पेपर: ४००, ८००, १५०० आणि २००० नंबरचे
- पॉलिस्टायरिनसाठीचे पातळ सिमेंट, सुपरग्लू आणि सुकल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद
- पुट्टी, मास्किंग टेप, प्रायमर
- रंग, ग्लॉस आणि मॅट क्लिअर (चकचकीत आणि निस्तेज पारदर्शक वार्निश)
- डिकॅल बसवण्याची आणि डिकॅल मऊ करण्याची अशी दोन द्रावणे

एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे पेन) नंतर घेतला तरी चालतो. घेताना ०.३ मिलिमीटर नोझलचा, वरून रंग ओतायचा, दुहेरी क्रियेचा घ्यावा. त्याच्याबरोबरच सेंद्रिय वाफा अडवणारा फिल्टर असलेला मास्क घेणे सक्तीचे समजा. कापडी मास्क धूळ थोडीफार अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही.

४. धुणे, कापणे आणि कोरडी जुळवणी

साच्यातून भाग सुटावेत म्हणून वापरलेल्या तेलकट पदार्थाचा थर प्लॅस्टिकवर राहिलेला असू शकतो. स्प्रू कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुऊन, हवेत वाळवून घ्यावेत. पाणी गरम नको, पातळ भाग वाकतात.

भाग कापताना स्प्रूच्या अगदी लगत कापू नये. आधी थोडे अंतर सोडून कापावे, मग उरलेला खुंट सपाट बाजूने काढावा आणि शेवटी वॉटर पेपरने घासावा. एकाच झटक्यात कापले तर तिथले प्लॅस्टिक ताणून पांढरे पडते किंवा कडेचा टवका उडतो.

प्रत्येक जोड गोंदाशिवाय टेपने बांधून आधी पाहावा. यालाच कोरडी जुळवणी म्हणतात, आणि नवखा माणूस नेमकी हीच पायरी गाळतो. पंखाच्या मुळाशी अर्ध्या मिलिमीटरची फट दिसली, तर बहुधा कॉकपिटचा तळ किंवा आतली एखादी खुंटी अडत असते. ती आताच तासली की पुढे पुट्टीची गरज उरत नाही.

५. कॉकपिट

धडाचे दोन भाग जोडण्यापूर्वी कॉकपिट पूर्ण रंगवून झाले पाहिजे, कारण नंतर तिथे ब्रश पोहोचत नाही. ब्रिटिश लढाऊ विमानांत आतला रंग करडसर हिरवा असे. जर्मन विमानांत आधी आरएलएम ०२ हा हिरवट करडा आणि युद्धाच्या उत्तरार्धात आरएलएम ६६ हा गडद करडा दिसतो.

उपकरणांची पाटी काळी रंगवून वाळू द्यावी. मग चपट्या ब्रशवर फिकट करडा रंग घेऊन तो कागदावर जवळजवळ पूर्ण पुसून टाकावा आणि कोरडा ब्रश पाटीवरून हलकेच फिरवावा. उंच कडा आणि घड्याळांच्या चकत्या उठून दिसतात. प्रत्येक चकतीत ग्लॉस क्लिअरचा एक थेंब सोडला की काच बसवल्यासारखे वाटते. यापलीकडे फार वेळ घालवू नये. कॅनोपी, म्हणजे कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण, बंद राहणार असेल, तर आसन, त्याचे पट्टे आणि ही पाटी एवढेच बाहेरून दिसते.

६. जोडणी आणि सांधे

पातळ सिमेंट चिकटवत नाही, ते प्लॅस्टिक विरघळवते. दोन्ही भाग एकमेकांवर धरून सांध्याला भरल्या ब्रशचे टोक टेकवले की ते केशाकर्षणाने आपोआप फटीत धावते. काही सेकंदांनी हलका दाब द्यावा. वितळलेल्या प्लॅस्टिकची एक बारीक कड सांध्यातून वर येते. ती पुसू नका, तीच फट भरते. या वेळी बोट सांध्यावर असेल, तर सिमेंट बोटाखालीही धावते. माझ्या एका मस्टँगच्या (अमेरिकन लढाऊ विमानाच्या) डाव्या पंखावर अंगठ्याचा ठसा इतका स्पष्ट उमटला होता की रेषा मोजाव्यात.

त्यानंतर पूर्ण एक दिवस थांबावे. सांधा वरून कोरडा लागतो, पण आतले प्लॅस्टिक अजून मऊ असते. घाईने घासले तर ते पुढे आक्रसते आणि रंगकाम झाल्यावर, आठवड्याभराने, तिथे पुन्हा खोलगट रेषा दिसू लागते. पुट्टीचेही असेच आहे. फट मोठी असेल, तर पुट्टीचा एक जाड थर देण्याऐवजी दोन पातळ द्यावेत.

घासण्यापूर्वी सांध्याच्या दोन्ही बाजूंना टेप लावून आजूबाजूची नक्षी वाचवावी. ४०० ने सुरुवात, मग ८००, मग १५००, आणि कागद पाण्यात बुडवून. हात फिरवल्यावर सांधा कळला नाही, तरी डोळ्यांना तो दिसू शकतो. खात्रीसाठी तिथे करड्या प्रायमरचा एक फवारा मारून पाहावा. पुसल्या गेलेल्या पॅनेल लाइन जाड चिकटपट्टीच्या कडेने सुई ओढून पुन्हा कोराव्यात. दाब न देता पाच-सहा वेळा ओढले की रेषा सरळ येते.

धडाच्या पाठीवरची मधली रेघ बहुतेक विमानांत नाहीशी करायची असते, पण बीएफ-१०९ या जर्मन लढाऊ विमानाला हा नियम लागू नाही. त्याच्या धडाचा मागचा भाग कारखान्यातच दोन अर्ध्या कवचांचा बनत असे, त्यामुळे तिथे पाठीवर आणि पोटावर खरोखरच सांध्याची रेषा आहे. ती मेहनतीने बुजवणारे अनेक जण मी पाहिले आहेत.

पंख बसवताना समोरून पाहून दोन्हीकडचा चढ सारखा आहे ना, हे तपासा. आराखड्यावरून पुठ्ठ्याचा साचा कापून पंखांखाली ठेवला आणि सिमेंट वाळेपर्यंत तसाच राहू दिला, की चूक होत नाही. पुढे नाकाखाली चाक असलेल्या विमानांना, म्हणजे पी-३८, एमई-२६२, बी-२५ किंवा मिग-१५ यांना, धड बंद करण्यापूर्वी नाकात वजन भरावे लागते. मुख्य चाकांच्या पुढे, शक्य तितके टोकाला शिशाचे तुकडे घट्ट बसवा आणि धड टेपने बांधून तोल पाहा. हे विसरले तर तयार विमान शेपटीवर बसते, आणि मग उपाय राहत नाही.

७. कॅनोपी

पारदर्शक भागाजवळ सुपरग्लू नेऊ नये. त्याच्या वाफेने काचेवर आतून पांढरी धुरी बसते, आणि आतली धुरी पुसता येत नाही. सुकल्यावर पारदर्शक होणारा पांढरा गोंद वापरावा. तो चुकून बाहेर आला तरी ओल्या ब्रशने पुसला जातो.

कॅनोपीच्या काचा टेपने झाका आणि चौकटीवर आधी कॉकपिटच्या आतला रंग फवारा, त्यावर मग विमानाचा बाहेरचा रंग. काचेतून पाहिले की चौकटीची आतली बाजू योग्य रंगाची दिसते.

८. रंगकाम

संपूर्ण विमानावर करड्या प्रायमरचा पातळ थर द्यावा. राहिलेले दोष इथे उघडे पडतात, त्यामुळे पुन्हा घासायला जायची मनाची तयारी ठेवावी. नैसर्गिक धातूचा रंग द्यायचा असेल, तर चकचकीत काळा तळ आणि आरशासारखा घासलेला पृष्ठभाग हवा; धातूचा रंग एकही ओरखडा लपवत नाही.

एअरब्रशसाठी रंग दुधाइतका पातळ करावा आणि दाब १५ ते २० पीएसआय ठेवावा. पहिला थर अपुराच दिसतो, तो तसाच वाळू द्यावा. ब्रशने रंगवत असाल तर दोन-तीन पातळ थर, प्रत्येक आधीच्याला आडवा.

फिकट रंग आधी, गडद नंतर: पिवळे किंवा पांढरे पट्टे, मग पोट, मग पाठ. नॉर्मंडीच्या चढाईच्या वेळचे, जून १९४४ चे, विमान करत असाल तर पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा हिशेब आधी मांडा. एक इंजिनाच्या विमानांवर प्रत्येक पट्टा १८ इंचांचा होता, म्हणजे १/७२ मध्ये सुमारे ६.३५ आणि १/४८ मध्ये सुमारे ९.५ मिलिमीटर. तीन पांढरे, दोन काळे. हे पट्टे आयत्या वेळी घाईघाईने, अनेक ठिकाणी हातानेच रंगवले गेले होते, त्यामुळे फोटोत कडा वाकड्या दिसत असतील तर तुम्हीही त्या वाकड्याच ठेवा.

छलावरणाच्या (कॅमफ्लाजच्या) पट्ट्यांची कड किती मऊ असावी, यावर गणित उपयोगी पडते. खऱ्या विमानावर रंगाची धूसर कड एक इंचाची असेल, तर १/७२ मध्ये ती ०.३५ मिलिमीटर होते. मोकळ्या हाताने मारलेली तीन मिलिमीटरची धूसर कड म्हणजे प्रत्यक्षात साडेआठ इंच. पुन्हा वापरता येणाऱ्या चिकट मातीच्या बारीक वळ्या करून त्या रंगाच्या सीमेवर ठेवल्या आणि वरून सरळ फवारले, की हवी तेवढीच मऊ कड मिळते. जिथे कड स्पष्ट हवी, तिथे टेप लावून नखाने दाबून घ्यावी आणि रंग पूर्ण कडक होण्याआधीच, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर ओढत काढावी.

९. डिकॅल

मॅट रंग सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतो. त्यावर डिकॅल लावले की खळग्यांत हवा अडकते आणि पारदर्शक फिल्म चंदेरी चमकते. म्हणून आधी ग्लॉस क्लिअरचे एक-दोन थर देऊन ते एक दिवस वाळू द्यावेत.

डिकॅल कोमट पाण्यात दहा-पंधरा सेकंद भिजवून बाहेर काढावे आणि कागदावरून आपणहून सरकेपर्यंत थांबावे. जागेवर आधी बसवण्याचे द्रावण लावा, ओल्या ब्रशने डिकॅल सरकवा, कापसाने मधून कडेकडे पाणी दाबून काढा. मग मऊ करणारे द्रावण. हे लावल्यावर डिकॅल मिनिटभरात वळकुट्या पडल्यासारखे सुरकुतते आणि हात आपोआप पुढे जातो. हात मागे घ्या. दहा-वीस मिनिटांत ते स्वतःच सपाट होऊन पॅनेल लाइनमध्ये बसते; त्या वेळी बोट लावले तर ते फाटते. दुसऱ्या दिवशी कुठे चंदेरी डाग दिसला, तर तिथे सुईने टोचून पुन्हा तेच द्रावण सोडावे.

१०. वापराच्या खुणा

इथे पहिल्या पायरीतला फोटो पुन्हा समोर ठेवा. ॲक्रिलिक ग्लॉस वाळल्यावर, व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ केलेला तपकिरी-करडा ऑइल रंग पॅनेल लाइनमध्ये सोडावा आणि जादा रंग हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, पुढून मागे पुसावा. काळा वापरला तर विमान जाळीत अडकवल्यासारखे दिसते.

रंगाचे टवके उडालेले दाखवण्याची हौस सगळ्यांनाच असते, पण खाली धातू आहे का, हे आधी विचारावे. हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या धडाचा मागचा भाग कापडाचा होता, तिथे चंदेरी ओरखडे असूच शकत नाहीत. मॉस्किटो हे ब्रिटिश विमान तर जवळजवळ सारेच लाकडाचे. मस्टँगच्या चंदेरी पंखांचे सांधे कारखान्यातच पुट्टीने भरून वर ॲल्युमिनियम रंग दिला जात असे, त्यामुळे उघड्या धातूच्या धडाशेजारी तिचे पंख रंगवलेलेच, सपाट दिसायला हवेत.

ब्रिटिश विमानांच्या बंदुकांच्या तोंडांवर उड्डाणापूर्वी तांबडे कापडी तुकडे चिकटवत. गोळीबार झाला की ते फाटत. तांबडे तुकडे शाबूत दाखवायचे आणि पंखाखाली दारूची काजळीही रंगवायची, हे एकाच विमानावर बसत नाही. तुमच्या विमानाने त्या दिवशी गोळ्या झाडल्या होत्या की नाही, ते आता ठरवून टाका. त्यानंतर सगळ्यावर मॅट क्लिअरचा एक थर.

११. शेवटचे सुटे भाग

चाके, दरवाजे, पिटो नळी (हवेचा वेग मोजणारी बारीक नळी) आणि प्रोपेलर शेवटी लावावेत. आधी लावले तर हाताळताना मोडतात. चाकांचा तळ थोडा घासून सपाट केला की विमानाचे वजन जाणवते. पात्यांची दिशा तपासा: मर्लिन इंजिनाची स्पिटफायर आणि नंतरची ग्रिफन इंजिनाची स्पिटफायर यांचे प्रोपेलर उलट दिशांनी फिरत. उभ्या मस्टँगचे आतले चाकांचे दरवाजे हायड्रॉलिक दाब ओसरल्यावर खाली लोंबतात. उभ्या स्पिटफायरचे फ्लॅप मात्र फोटोत क्वचितच खाली दिसतात.

अँटेनाची तार उरलेल्या स्प्रूपासून होते. स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीला न लावता, मऊ होईपर्यंत फिरवावा, बाजूला घेऊन दोन्ही टोके सावकाश ओढावीत आणि धागा गार होईपर्यंत तसाच ताणून धरावा. तो सुपरग्लूच्या टोकाएवढ्या थेंबाने लावा, कॅनोपीपासून लांबच्या टोकाला. कॅनोपीजवळच्या टोकाला पांढरा गोंद.

आता काचांवरची टेप. तिची कड सुरीने उचकटू नका, काचेवर चरा जातो. लाकडी टूथपिक थोडी ओली करून कोपऱ्यातून सरकवा आणि टेप हळूहळू सोला.